चाकांवरील घराचें सुटलेलें छप्पर

मोटारीलाच बिऱ्हाड करून प्रवासास निघण्याची हौस आतां आपल्याकडेही रुजूं लागली आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि कोंकणच्या रस्त्यावर अशीं चाकांवरचीं घरें अधूनमधून दृष्टीस पडतात. त्यांतील पलंग, ओटा, न्हाणीघर यांचीं वर्णनें पुष्कळ वाचावयास मिळतात. परंतु घर म्हटलें कीं छप्पर आलें, आणि कोंकणपट्टींत छप्पर म्हटलें कीं पाऊस आला. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जेथें पडतो, तेथें छपराची हयगय चालत नाहीं. या गाड्यांच्या छपरास एक छुपा रोग होतो. त्याचें वरचें कातडें खालच्या थरापासून सुटूं लागतें, आणि पुष्कळ दिवस तें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. हा रोग आमच्या घरच्याच गाडीस जडला होता. तो कसा ओळखला, व ओळखण्यास उशीर कां झाला, हें सांगितल्यास वाचकांस उपयोग होईल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

नेरूळला आमचीं तीन भावांचीं बिऱ्हाडें एकाच मजल्यावर आहेत. चूल मात्र एक. मातोश्रींस ८२ वें वर्ष चालूं आहे. कमरेच्या दुखण्यामुळें त्यांना तासाभराहून अधिक वेळ बसवत नाहीं. गुहागरास जाऊन व्याडेश्वराचें दर्शन एकदां घडावें, एवढी एकच इच्छा त्या वारंवार बोलून दाखवीत. आगगाडीनें चिपळूण गांठतां येतें. पण पुढचा सुमारें ४५ किलोमीटरांचा रस्ता बसूनच काढावा लागतो. निजून जातां येईल, वाटेंत न्हाणीघर हाताशीं राहील, अशी गाडी असावी, ही कल्पना आमच्या धाकट्या बंधूंची. थोरल्या बंधूंनीं आपल्या निवृत्तीच्या पैशांतून कांहीं रक्कम काढली, थोरल्या वहिनींनीं जपून ठेवलेली ठेव मोडली, उरलेली भर आम्हीं घातली, आणि चैत्रांत एका गृहस्थाकडून वापरलेली गाडी विकत घेतली. धाकट्या बंधूंनींच ती पाहिली, ठरविली व आणली. सोसायटीच्या परवानगीनें आवाराच्या कोपऱ्यांत ती उभी राहिली. सबंध पावसाळा तिनें उघड्यावर काढला. दर्शनाचा बेत मार्गशीर्षाचा ठरला होता.

आश्विनांतल्या एका सकाळीं सराव म्हणून मुलांना घेऊन पाम बीच रस्त्यानें गाडी काढली. वेग ताशी ५० किलोमीटरांच्या पुढें जातांच पुतण्या म्हणाला, "काका, वर कोणी तरी चादर झटकतें आहे असें वाटतें." धाकटे बंधु चालवीत होते. ते म्हणाले, "सामानाचा पट्टा सैल असेल." घरीं आल्यावर वहिनी गाडींत आवराआवर करावयास गेल्या, त्या नाकाला पदर लावून बाहेर आल्या. "भाऊजी, ह्या गाडींत ओल्या पोत्याचा वास येतो. तुम्ही पाहून घ्या." पाहिलें, तों मातोश्रींच्या पलंगाच्या बरोबर वर, छताच्या प्लायवूडवर चहा सांडल्यासारखें एक तपकिरी कडें उमटलेलें दिसलें.

धाकट्या बंधूंचें म्हणणें, बाजारांतून सिलिकॉनची नळी आणावी, वरून सांधे लिंपावे, कीं झालें. मातोश्री वैद्याच्या कन्या. त्यांनीं पलंगावरूनच सांगितलें, "रोग कोणता हें कळल्यावांचून लेप लावूं नये. आधीं निदान करा." आयुर्वेदांत रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे रोगाचें कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. आम्हीं थट्टेनें म्हटलें कीं, गाडीलाही हाच क्रम लावून पाहूं. पुढें तोच क्रम इतका उपयोगी पडला कीं, येथेंही त्याच क्रमानें सांगणें बरें.

प्रथम छपराची घडण समजून घेतली पाहिजे. आमच्या गाडीच्या छपरास सर्वांत वर फायबर ग्लासचें सुमारें दोन मिलिमीटर जाडीचें कातडें आहे. त्याखालीं लांकडी पट्ट्यांची चौकट असून पट्ट्यांमधल्या जागेंत फोमच्या लाद्या बसविल्या आहेत. सर्वांत खालीं, आंतून दिसणारें पातळ प्लायवूड आहे. हे सर्व थर एकमेकांस चिकटविलेले असतात, आणि छपराचें बळ त्या चिकटण्यांतच असतें. कागदाचे सुटे ताव बोटानें वांकतात; तेच खळीनें एकावर एक डकविले कीं पुठ्ठा होतो, व तो सहसा वांकत नाहीं. कातडें सुटलें म्हणजे पुठ्ठ्याचे पुन्हा सुटे ताव होतात. वरून पाहणाऱ्यास छप्पर तसेंच दिसतें, पण त्यांतलें बळ गेलेलें असतें.

आतां कारणें. पहिलें कारण ऊन. प्रत्येक पदार्थ उष्णतेनें निरनिराळ्या मानानें वाढतो. कित्येक गाड्यांच्या छपरास ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. ६ मीटर लांबीचा असा पत्रा ४० अंशांनीं तापला तर सुमारें साडेपांच मिलिमीटर वाढतो. त्याखालची लांकडी पट्टी तेवढ्याच उष्णतेनें जेमतेम एक मिलिमीटर वाढते. रोज दुपारीं ताण आणि रोज रात्रीं ढील, अशी ओढाताण वर्षानुवर्षें त्या चिकटद्रव्यास सोसावी लागते. फायबर ग्लासमध्येंही हीच गोष्ट कमी प्रमाणांत घडते. दुसरें कारण पाणी. झरोक्यांच्या कडा, स्क्रूचीं भोकें, समोरच्या व बाजूच्या पट्ट्यांचे सांधे येथील लुकण वाळून चिरतें आणि तेथून पाणी आंत शिरतें. खाडीकांठच्या खाऱ्या हवेंत लोखंडी स्क्रू लौकर गंजतात व भोंक मोठें होतें. तिसरें कारण वारा. त्याविषयीं पुढें सांगूं. चौथें कारण मनुष्य. छपरावर चढून फिरल्यानें पायाखालचा फोम दबतो, कातडें मात्र पुन्हा वर येतें, आणि मधें पोकळी राहते. झाडाच्या फांदीचा एक फटकाही पुरतो.

हा रोग नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत मॉस्किटो नांवाचीं लांकडी विमानें ब्रिटिशांनीं बांधलीं होतीं. त्यांचें अंग प्लायवूड, मधें हलकें बाल्सा लांकूड व पुन्हा प्लायवूड अशा थरांचें होतें, आणि पंखांवरही प्लायवूडचें आवरण डकविलेलें असे. १९४४ सालीं हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर कांहीं विमानें हवेंत मोडून पडलीं. तपासांत पंखांवरचें आवरण खालच्या चौकटीपासून सुटलेलें आढळलें, व त्या नोव्हेंबरांत तीं विमानें जमिनीवर थांबवून ठेवावीं लागलीं. दोष इकडच्या ओल्या हवेचा कीं कारखान्यांतल्या जोडकामाचा, यावर पुष्कळ वाद झाला. आमच्या गाडीपुरता धडा एवढाच कीं, चिकटविलेल्या कातड्याची परीक्षा आपल्या पावसाळ्याइतकी कडक दुसरें कोणी घेत नसेल.

पूर्वरूपें आमच्या पुढें आलींच होतीं: चादर झटकल्याचा आवाज, पोत्याचा वास, तपकिरी कडें. दुपारीं गाडी उन्हांत असतां व संध्याकाळीं ती निवतांना छपरांतून "टण" असा आवाज येतो, हें मुलांनीं मागाहून सांगितलें; त्यांना तो खेळ वाटला होता. परंतु पूर्वरूप पाहून लगेच रोगाचें नांव घेऊं नये. आवाज खरोखरच पट्ट्याचा, झरोक्याच्या झांकणाचा किंवा सौर तावदानाच्या तारेचाही असूं शकतो. म्हणून वरचें सर्व सामान उतरविलें, झांकणें घट्ट केलीं, तारा बांधल्या आणि त्याच रस्त्यानें त्याच वेगानें गाडी पुन्हा नेली. आवाज कायम राहिला. छतावरील ओलही दर वेळीं पावसाचीच असते असें नाहीं. एक मनुष्य रात्रभरांत श्वासानें व घामानें सुमारें पाव ते अर्धा लिटर पाणी हवेंत सोडतो. बंद गाडींत चौघे निजले तर तेंच पाणी गार छतास लागून ठिबकूं शकतें. पण आमच्या गाडींत त्या पावसाळ्यांत कोणी निजलेंच नव्हतें. तेव्हां हा संशयही गेला.

यानंतर रूप पाहावयाचें, म्हणजे डोळ्यांनीं, हातांनीं व कानांनीं छपराची तपासणी करावयाची. छपरावर पाऊल टाकूं नये. दोन्ही बाजूंस घोडी लावावी, खालीं एकानें ती धरावी, आणि हात पोंचेल तेवढेंच पाहावें. मधला भाग पाहण्यासाठीं दोन घोड्यांवर आडवी फळी टाकून, छपरास न टेकतां, तीवरून वांकावें. सौर तावदानें असल्यास त्यांचा प्रवाह आधीं बंद करावा.

डोळ्यांची तपासणी दोन वेळां करावी. भर दुपारीं पाहिलें तेव्हां समोरच्या कडेपाशीं छप्पर परातीएवढें फुगलेलें दिसलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे पाहिलें, तों तेथें कांहींच नाहीं! गृहिणींस याचें नवल वाटणार नाहीं. फुलका तव्यावर असतां टम्म फुगतो व खालीं काढला कीं बसतो. त्याचे दोन पापुद्रे सुटे झालेले असतातच, फक्त आंतली वाफ त्यांना उचलून धरते. कातड्याखालीं अडकलेली हवाही तशीच दुपारीं प्रसरण पावते. म्हणून गाडी विकत घेणाऱ्यानें ती सकाळच्या गारव्यांत पाहून समाधान मानूं नये. आम्हीं ती चैत्रांत सकाळीं सात वाजतां पाहिली होती. रात्रीं विजेची बत्ती छपराशीं जवळजवळ समांतर धरली असतां तिरप्या प्रकाशांत बारीक उंचवटेही सांवल्यांवरून उघडे पडतात. ताणलेली दोरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धरून तिच्याखालचें अंतर पाहिलें, तर उंचवटा किती आहे हेंही मोजतां येतें.

मग हाताची तपासणी. तळहातानें हळूच दाबावें. चांगलें छप्पर दगडासारखें लागतें. सुटलेलें पण कोरडें कातडें किंचित् दबतें व हात काढतांच "टप्" करून वर येतें. ओला भाग मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा मऊ लागतो, दबतो तो दबलेलाच राहतो. आमच्या गाडीच्या पुढच्या भागास पहिली तऱ्हा आढळली, आणि मागच्या झरोक्याभोंवतीं दुसरी.

सर्वांत उपयोगी पडतो तो कान. माठ घेतांना आपण टिचकी मारतों, नारळ घेतांना वाजवून पाहतों. तीच विद्या येथें चालते. ग्राट्सच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा, लेओपोल्ड औएनब्रुगर, पुढें व्हिएन्नास वैद्य झाला. बापाच्या तळघरांत पिंपें ठोकून मद्य किती उरलें हें ओळखण्याची रीत त्यानें लहानपणीं पाहिली होती असें सांगतात. त्यानें रोग्यांची छाती बोटांनीं ठोकून आंतील रोग ओळखण्याची पद्धत १७६१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, आणि आजही प्रत्येक डॉक्टर ती शिकतो. विमानांच्या थरांच्या भागांतील पोकळी शोधण्यासाठीं नाण्यानें ठोकून पाहण्याची चाल तर आजही आहे.

आम्हीं पांच रुपयांचें नाणें घेतलें. छपरावर खडूनें १५ सेंटिमीटरांचे चौकोन आंखले. पण ठोकण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य करावी. लांकडी पट्ट्या कोठें आहेत हें आंतल्या स्क्रूंच्या ओळींवरून ताडून त्याही खडूनें आंखाव्या. पट्टीवरचा आवाज व फोमवरचा आवाज मुळांतच निराळे असतात. हा भेद न जाणतां ठोकणारा निरोगी फोमलाच रोगी ठरवितो. पट्टीवर "टक्" असा कोरडा, फोमवर थोडा मवाळ, आणि कातडें सुटलेल्या जागीं "ढब्" असा पोकळ आवाज येतो. ओल्या जागीं आवाज जवळजवळ मरूनच जातो. पुतण्या ठोकीत गेला, वहिनी डोळे मिटून आवाज सांगत गेल्या, आणि पुतणीनें आलेखाच्या कागदावर खुणा केल्या. वहिनींनीं तीस वर्षें सतारीच्या तारा लाविल्या आहेत. त्यांच्या कानाशीं आमच्यापैकीं कोणाचाही कान जुळला नाहीं. तासाभरानें कागदावर दोन बेटें उमटलीं. एक समोरच्या कडेला, सव्वा मीटर रुंद व हातभर खोल. दुसरें मागच्या झरोक्याभोंवतीं, दोन उशांएवढें. मातोश्रींच्या पलंगावरचें कडें मात्र या दोहोंच्याही बाहेर, मधोमध होतें.

हें पाहून आम्ही गोंधळलों. मागाहून ध्यानांत आलें कीं, पाणी जेथें शिरतें तेथेंच टपकत नाहीं. तें लांकडी पट्टीच्या कडेनें वाट काढीत जातें, आणि जेथें दोन पट्ट्यांचा सांधा अडवितो तेथें खालीं उतरतें. आमची गाडी उतारावर, तोंड वर करून उभी असे. त्यामुळें समोर शिरलेलें पाणी मागें सरकून मधल्या सांध्यापाशीं प्लायवूडवर उतरलें होतें. त्या कड्याच्या वर जाऊन लिंपण केलें असतें तर तें अगदींच अस्थानीं झालें असतें. ओलीची खातरी करून घेण्यासाठीं एका परिचित सुताराकडून आर्द्रतामापक आणला. त्याच्या दोन सुया प्लायवूडला टोंचल्या कीं ओलाव्याचा शेंकडा दिसतो. साधारणतः १५ च्या आंतील आंकडा निर्धास्त व २० च्या वरचा संशयास्पद. पण आपल्याकडील दमट हवेंत सारेंच लांकूड थोडें ओलसर असतें, म्हणून गाडींतलेंच एखादें खात्रीचें कोरडें कपाट मोजून त्याच्याशीं तुलना करावी. कपाट १३ होतें. समोरच्या पोकळीखालीं १४, मधल्या कड्यावर २२, आणि मागच्या झरोक्यापाशीं ३० च्या वर.

उपशय म्हणजे उपचार करून पाहून रोगाची परीक्षा करणें. आम्हीं तीन उपशय केले. पहिला सांवलीचा: छपराच्या वीतभर वर ताडपत्री ताणून दोन दिवस गाडी सांवलींत ठेविली. समोरचा फुगवटा दुपारीं आलाच नाहीं; मागचा मऊपणा तसाच राहिला. यावरून समोर कोंडलेली हवा व मागें पाणी, हा भेद पक्का झाला. दुसरा वाऱ्याचा: समोरची कड रुंद, जाड चिकटपट्टीनें बंद करून, पहांटे रस्ता मोकळा असतां गाडी पुन्हा त्याच वेगानें नेली. चादरीचा आवाज बंद! म्हणजे आवाज त्याच कडेचा. तिसरा पाण्याचा: चिकटपट्टी काढून नळीनें साधें पाणी सोडावयाचें, पण तें खालून वर, एकेका सांध्यावर दहा दहा मिनिटें, आणि आंत एकानें बत्ती घेऊन बसावयाचें. एकदम वरून सडा घातला तर पाणी कोठून शिरलें हें कधींच कळत नाहीं. समोरच्या कडेवर पाणी सोडल्यावर मधल्या कड्यावर थेंब येण्यास बरोबर २६ मिनिटें लागलीं. दहा मिनिटांनीं नळी हलविली होती, तरी आंतल्यानें उठूं नये हें बरें, असें त्या दिवशीं ठरलें.

संप्राप्ति म्हणजे रोग कोणत्या क्रमानें वाढला तें. समोर उन्हानें चिकटद्रव्य सुटलें, मग वाऱ्यानें कड उचलली, व शेवटीं त्या फटींतून पाणी आलें. मागें याच्या उलट: झरोक्याचें लुकण चिरून आधीं पाणी शिरलें, त्यानें लांकूड कुजविलें, व मग कातडें सुटलें. एकाच देहांत दोन रोग, आणि दोहोंचे उपचार निराळे. कोरड्या पोकळींत नवें चिकटद्रव्य भरून दाबून बसवितां येतें. ओल्या पोकळींत तेंच भरलें तर पाणी आंत कोंडलें जातें आणि कूज वाढते. तेथें कातडें कापून, कुजलेलें काढून, पूर्ण वाळवूनच पुढें जावें लागतें.

या कामीं एका वयस्क मिस्त्रींनीं साहाय्य केलें. त्यांनीं आयुष्यभर बसगाड्यांचे सांटे बांधले आहेत. समोरची कड नखानें उचलून त्यांनीं जवळ आणलें व म्हणाले, "साहेब, हें सिलिकॉन जुनें नाहीं. याच उन्हाळ्यांत कोणी तरी लावलें आहे. आणि हें खरवडल्याशिवाय आतां दुसरें कांहीं चिकटणार नाहीं." आम्ही गाडी घेतली त्या गृहस्थाविषयीं कांहीं कठोर बोलणार होतों, इतक्यांत धाकटे बंधु म्हणाले, "तें मीं लावलें. वैशाखांत." फुगवटा त्यांनीं तेव्हांच पाहिला होता. सर्वांचे पैसे आपल्या शब्दावर गुंतले, वहिनींनीं ठेव मोडली, आतां काय तोंड दाखवूं, या विचारानें त्यांनीं रात्रीं जाऊन कड लिंपली व पावसाळाभर मनांत कुढत राहिले.

त्या संध्याकाळीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. आम्हांस मात्र एक वाचलेली हकीकत आठवत होती. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांत हिलोहून होनोलुलूस चाललेल्या एका बोईंग ७३७ विमानाच्या छपराचें सुमारें साडेपांच मीटर लांबीचें कातडें २४,००० फुटांवर उडून गेलें. समुद्रावरच्या खाऱ्या हवेंत त्याच्या पत्र्यांचे चिकटविलेले सांधे सुटले होते, गंजले होते, आणि रिव्हेटांच्या ओळींनीं बारीक भेगा पडल्या होत्या. वैमानिकांनीं विमान माउई बेटावर उतरविलें व ९४ जण वांचले. एक परिचारिका मात्र आकाशांत ओढली गेली. चौकशींत असें निघालें कीं, विमानांत चढतांना एका प्रवासी बाईंनीं दाराजवळ भेग पाहिली होती, पण त्या कोणाशीं बोलल्या नाहींत.

आमची गाडी आकाशांत जाणार नव्हती. पण वारा रस्त्यावरही असतो. ताशी ४० किलोमीटर वेगानें हवेचा दाब दर चौरस मीटरास सुमारें साडेसात किलो पडतो. वेग दुप्पट, म्हणजे ८० केला, तर तो चौपट होऊन ३० किलोंवर जातो. छपराच्या पुढच्या कडेपाशीं तो कातड्यास वर ओढतो. समोरून येणारा वारा किंवा शेजारून जाणारी मालमोटार त्यांत भर घालते. सव्वा मीटर रुंदीची सुटी कड पेणच्या पुढें मोकळ्या रस्त्यावर उचलली गेली असती, तर तें कातडें मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यावर पडलें असतें. त्या दुचाकीवर कोणाचा मुलगा असता, हें आपण कसें सांगावें?

जेवणें झाल्यावर मातोश्रींनीं धाकट्या बंधूंना जवळ बोलाविलें. "वैशाखांत सांगितलें असतेंस तर एक कड चिकटवून भागलें असतें. आतां सांगितलेंस, तेंही पुष्कळ झालें. देव कोठें पळून जात नाहीं; मी थांबेन." ८२ वर्षांच्या मनुष्यानें "मी थांबेन" म्हणणें सोपें नव्हे, हें आम्हां सर्वांस समजलें. थोरल्या वहिनी फक्त एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, पैशाचा हिशेब घरांत होतो, पण त्याआधीं तो सांगावा लागतो."

दुरुस्तीस दोन महिने लागले. समोरचें सिलिकॉन खरवडून, कातड्याची आंतली बाजू घासून, पॉलियुरेथेनचें चिकटद्रव्य भरलें व वर फळी आणि वाळूच्या पिशव्या ठेवून तें बसूं दिलें. मागचा भाग कापून कुजलेल्या पट्ट्या व फोम काढला, तीन आठवडे वाळविला, आणि आर्द्रतामापकाचा आंकडा कपाटाच्या बरोबरीस आल्यावरच नवें लांकूड बसविलें. सर्व लोखंडी स्क्रू बदलून गंज न चढणाऱ्या पोलादाचे घातले. हें सर्व काम धाकट्या बंधूंनीं मिस्त्रींच्या हाताखालीं स्वतः उभें राहून केलें.

ज्या वाचकांच्या घरीं अशी गाडी आहे, किंवा जे ती विकत अथवा भाड्यानें घेणार आहेत, त्यांनीं निदान एवढें करावें. गाडी एकदां भर दुपारीं व एकदां पहांटे पाहावी. आंत शिरतांच प्रथम वास घ्यावा. नाण्यानें कडा व झरोक्यांभोंवतालचा भाग वाजवावा. ताजें लिंपण दिसल्यास तें कां केलें हें विचारावें. फुगवटा मधोमध, कोरडा व न वाढणारा असेल आणि सर्व कडा घट्ट असतील, तर हळू वेगानें गाडी दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत नेण्यास हरकत नाहीं. दर थांब्यावर तो पाहावा. कड उघडी असेल तर, आणि विशेषतः ती पुढची असेल तर, गाडी हलवूं नये. ओल आढळली तर वरून कांहींही भरूं नये. पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर, वर्षांतून दोनदां, खडूचा तो नकाशा पुन्हा काढून जुन्याशीं ताडून पाहावा. बेट वाढलें कीं नाहीं हें त्याशिवाय कळत नाहीं.

माघांत आम्ही सर्वजण गुहागरास जाऊन आलों. गाडी ताशी ५० च्या वर नेली नाहीं. मातोश्री वाटभर निजूनच होत्या. कशेडी ओलांडल्यावर त्यांनीं विचारलें, "वर आवाज येतो का रे?" धाकटे बंधु म्हणाले, "नाहीं, आई. आणि आला तर मी आधीं सांगेन." पुतणीचा तो आलेखाचा कागद वहिनींनीं गाडीच्या कपाटाच्या दारास आंतून डकवून ठेविला आहे.